पत्ता ठेवून गेलेली माणसे : रोआनोकची ‘गायब’ वसाहत

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रोआनोक बेटाची गोष्ट आता मराठीतही बरीच फिरते आहे. थोड्याफार फरकाने तिचा मजकूर असा असतो : इंग्रजांनी तेथे वसवलेली सुमारे ११५ माणसे, बायकामुलांसकट, एका रात्रीत नाहीशी झाली, मागे फक्त ‘क्रोएटोअन’ हा एक गूढ शब्द उरला, ज्याचा अर्थ आजवर कोणाला उलगडला नाही, आणि पुष्कळ शोध घेऊनही त्यांचा मागमूस लागला नाही. यातला माणसांचा आकडा तेवढा बरोबर आहे. उरलेल्या बहुतेक विधानांचे उत्तर जॉन व्हाइट याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तो या वसाहतीचा गव्हर्नर होता, आणि १५९० मध्ये परत येऊन रिकामे ठाणे पाहणाराही तोच होता.

‘एका रात्रीत’ हा मसाला नंतरचा आहे. १८ ऑगस्ट १५८७ रोजी व्हाइटला नात झाली, तिचे नाव व्हर्जिनिया डेअर. आणि त्यानंतर नऊच दिवसांनी, वसाहतवाल्यांनी फार आग्रह धरल्यामुळे, तो रसद आणायला इंग्लंडला निघाला. पुढच्या वर्षी स्पेनचे आरमार चालून येणार म्हणून इंग्लंडने जहाजे बंदरातच अडकवून ठेवली. त्यातूनही सुटलेल्या दोन लहान जहाजांतून तो निघाला, पण वाटेत फ्रेंच लुटारूंनी त्यांना गाठले आणि त्याला हात हलवत परतावे लागले. तो रोआनोकवर पुन्हा उतरला तो १८ ऑगस्ट १५९० रोजी, म्हणजे नातीच्या तिसऱ्या वाढदिवशी. मधल्या तीन वर्षांत माणसे केव्हा निघाली, एकदम निघाली की टप्प्याटप्प्याने, हे पाहायला इंग्लंडचे कोणीही तेथे नव्हते. ज्याने पाहिलेच नाही त्याला ते एका रात्रीत घडल्यासारखे वाटू शकते, एवढाच या विधानाचा आधार.

आता त्या शब्दाविषयी, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. क्रोएटोअन हे एका बेटाचे आणि तेथे राहणाऱ्या लोकांचे नाव होते. रोआनोकच्या दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवर, आज ज्याला हॅटेरस म्हणतात तेथे, ते बेट होते. व्हाइटला या नावाचा अर्थ लावण्याची गरजच नव्हती. त्या लोकांतला मँटिओ दोनदा इंग्लंडला जाऊन आला होता, १३ ऑगस्ट १५८७ रोजी त्याचा रोआनोकवर बाप्तिस्मा झाला होता, आणि त्याची आई व गोतावळा क्रोएटोअनवरच राहत होता. या संबंधाला एक काळी बाजूही आहे, जी फिरत्या मजकुरात कधीच येत नाही. आधीच्या, १५८५-८६ च्या लष्करी ठाण्याच्या प्रमुखाने, राल्फ लेनने, रोआनोकच्या लोकांचा मुखिया विंगिना याला ठार करवले होते, त्यामुळे शेजारचे लोक आधीच बिथरलेले होते. आणि १५८७ मध्ये आपल्या एका माणसाच्या खुनाचा सूड उगवायला गेलेल्या इंग्रजांनी अंधारात चुकून मित्र असलेल्या क्रोएटोअन लोकांवरच हल्ला केला. तरीही त्या सगळ्या किनाऱ्यावर मैत्रीचे दार उघडे असलेले घर तेवढे एकच राहिले होते.

शब्द कोरण्यामागेही ठरलेली पद्धत होती. निघण्यापूर्वी व्हाइटने सांगून ठेवले होते की, जागा सोडलीत तर जेथे जाल त्या ठिकाणाचे नाव झाडावर किंवा दाराच्या खांबावर कोरा, आणि संकटात सापडून जावे लागले तर नावाच्या वर क्रूस कोरा. परत आल्यावर किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडावर एका झाडावर त्याला त्या नावाची पहिली तीनच अक्षरे दिसली. पुढे ठाण्याच्या दाराशी, उजवीकडच्या साल सोललेल्या खांबावर, जमिनीपासून पाच फुटांवर, ठळक मोठ्या लिपीत अख्खे नाव होते. क्रूस कोठेच नव्हता. आपली माणसे क्रोएटोअनवर सुखरूप असल्याची ही खूण पाहून फार आनंद झाला, असे व्हाइट लिहितो. चार शतकांनंतर ज्या शब्दाने लोकांच्या अंगावर काटा येतो, तो वाचून त्या म्हाताऱ्या आजोबाचा जीव भांड्यात पडला होता.

ठाण्याचे जे वर्णन त्याने केले आहे, तेही पळापळीचे नाही. घरे उतरवून नेलेली होती. त्या जागेभोवती मोठमोठ्या ओंडक्यांचा मजबूत मेढेकोट उभा होता. आत लोखंडाच्या कांबी, शिशाचे ठोकळे, काही अवजड तोफा असे उचलायला जड सामान गवतात पडले होते. हलक्या तोफा आणि होड्या मात्र दिसल्या नाहीत. जवळच पुरून ठेवलेल्या पाच पेट्या कोणीतरी उकरल्या होत्या. त्यांतल्या तीन व्हाइटच्याच होत्या : पुस्तके पुठ्ठ्यांपासून फाटलेली, चित्रे आणि नकाशे पावसाने कुजलेले, चिलखत गंजाने खाल्लेले. लूट झाली ती माणसे गेल्यावर, मागे ठेवलेल्या सामानाची.

जागा का सोडली, याचे उत्तरही फार लांब शोधावे लागत नाही. जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वलयांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार १५८७ ते १५८९ ही तेथील आठशे वर्षांतली सर्वांत कोरडी तीन वर्षे होती. पेरलेले उगवत नाही, रसद येत नाही आणि शेजारी वैरी झालेले, अशा ठिकाणी शंभरावर माणसांनी बसून राहणे हेच उलट आश्चर्याचे ठरले असते. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोने मरताना हाच शब्द उच्चारला वगैरे जे जोडले जाते, त्याला कसलाही पुरावा नाही, आणि त्यावर अधिक शाई घालवण्याची गरज नाही.

‘मागमूस नाही’ या विधानाबाबत थोडे जपून बोलले पाहिजे, कारण येथे खरोखर काही प्रश्न शिल्लक आहेत. माणसे मुख्य भूमीवर पन्नास मैल आत जाण्याच्या बेतात होती, असेही व्हाइट लिहितो. क्रोएटोअन मात्र समुद्राकडच्या बाजूला आहे. त्यामुळे ती दोन किंवा अधिक गटांत विभागली असावीत, हे अनेक अभ्यासकांचे मत मला पटते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन लॉसन या इंग्रज प्रवाशाला हॅटेरसच्या लोकांनी सांगितले होते की आमच्या पूर्वजांत काही गोरे, वाचता येणारे होते. त्यांच्यात करड्या डोळ्यांची माणसे असल्याचीही नोंद त्याने केली. हॅटेरसवरच्या उत्खननांत इंग्रजी बनावटीच्या वस्तू मिळाल्या आहेत. पण वस्तू व्यापारानेही हातोहात फिरतात. १९९८ मध्ये तेथे सापडलेली मुद्रेची अंगठी आधी सोन्याची आणि एका इंग्रज कुटुंबाची मानली गेली, आणि पुढे तपासात ती पितळेची निघाली. दंतकथा खोडताना दुसरी दंतकथा उभी करू नये, ते यासाठी.

राहिला ‘पुष्कळ शोध घेतला’ हा दावा, आणि माझ्या मते तोच सर्वांत चुकीचा आहे. व्हाइट स्वतःच्या जहाजातून आला नव्हता. स्पॅनिश जहाजे लुटायला निघालेल्या ताफ्यात त्याला कशीबशी जागा मिळाली होती. रोआनोकला उतरतानाच एक होडी उलटून सात माणसे बुडाली होती. दुसऱ्या दिवशी क्रोएटोअनला जायचे ठरले, पण वादळात दोर तुटून नांगर गेला, एकच नांगर आणि तुटपुंजे गोडे पाणी उरले, आणि वाऱ्याने अखेर जहाज अझोर बेटांकडे नेले. ज्या बेटाचे नाव खांबावर कोरलेले होते, त्या बेटावर तो उतरू शकलाच नाही. १६०२ मध्ये या वसाहतीचा प्रवर्तक वॉल्टर रॅले याने पाठवलेले जहाजही तेथवर पोहोचले नाही. व्हाइटने १५९३ मध्ये आयर्लंडहून लिहिलेल्या पत्रात तो नाद सोडल्याचे कळवले आहे, आणि आपली ऐपत आपल्या इच्छेएवढी असती तर, अशी हळहळ व्यक्त केली आहे.