अरबी शिकून काय हशील? एका प्रतिक्रियेला उत्तर

मराठी माणसाने अरबी शिकावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबरी आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आखातात हिंदी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीवर सगळं भागतं. पुस्तकातली अरबी रस्त्यावर कुणी बोलत नाही, आणि रस्त्यावरची दर देशात निराळी. तेवढ्याच मेहनतीत माणूस जर्मन शिकून मोकळा होतो. शिवाय अरबी म्हणजे "एका धर्माची भाषा". तुमचा पुतण्या दिवाळीनंतर सौदीत जुबैलला रुजू होतोय, त्याला लेख दाखवला तर तो हसला. आणि शेवटी, "अरबी शिकून काय हशील?"

आधी कबुली. "सहा महिन्यांत बोलता येतं" हे लेखातलं वाक्य चूक होतं, ते काढलं आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था अरबीसाठी ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २,२०० तास धरते. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा, आणि तोही दिवसभर दुसरं काही न करणाऱ्यांचा. नोकरी सांभाळून रोज एक तास दिला तर तेवढे तास भरायला सहा वर्षं लागतील. क्लासच्या जाहिरातींत हा आकडा सापडणार नाही. आणि ज्याला जर्मनीला जायचंय त्याने जर्मनच शिकावी, त्यात वाद कसला?

बोलींचंही खरं आहे. "काय पाहिजे?" हे फुसहात, म्हणजे प्रमाण अरबीत, 'मादा तुरीद'. कैरोत 'आयिझ एह', दमास्कसला 'शू बिद्दक', रियाधला 'वश तबी', मोरोक्कोत 'आश बगीती'. पुणेरी आणि मालवणी यांच्यातल्या अंतरापेक्षा हे अंतर मोठं आहे. पण यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. बोलायच्या तऱ्हा अनेक असल्या तरी लिहायची एकच आहे. राबातचं वर्तमानपत्र, मस्कतची सरकारी नोटीस, बगदादच्या औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळं फुसहात. अरब लीगच्या २२ सदस्य देशांत ती अधिकृत कागदाची भाषा आहे. म्हणून मी म्हणतो, मराठी माणसाने अरबी आधी वाचायला शिकावी. बोलणं नंतर, आणि तेही एकाच देशाचं. दुकानात हिंदीवर भागतं हे मान्य, कागदावर भागत नाही.

पुतण्याचंच उदाहरण घ्या. सौदीच्या कामगार कायद्याचं कलम ९ सांगतं की करार, नोंदी, फायली अरबीत हव्यात, आणि शेजारी परभाषेतला मजकूर असेल तर अरबी मजकूरच ग्राह्य. त्याच्या हातात दोन रकान्यांचा कागद पडेल. सही करण्याआधी तो इंग्रजी रकाना वाचेल, तंटा झाला तर तिथला अधिकारी अरबी वाचेल. दोन्ही रकान्यांतले आकडे आणि मुदती जुळतात का, एवढं जरी त्याला ताडता आलं तरी शिकलेलं वसूल झालं.

हे ताडायला २,२०० तास लागत नाहीत, कारण बरेच शब्द आपल्या ओळखीचे असतात. कराराचा काळ म्हणजे 'मुद्दत अल-अकद'. अट म्हणजे 'शर्त'. नोकरी संपतानाची रक्कम 'मुकाफअत निहायत अल-खिदमा', यातली खिदमत आपण जाणतो. उमेदवारीचा काळ 'फत्रत अत-तजरिबा', यात तजुर्बा आहे. मूळ पगार 'अर-रातिब अल-असासी', घरभाडं 'बदल सकन'.

पण इथेच पाय घसरतो. अरबी फॉर्मवर 'रकम' दिसलं की मराठी माणूस तिथे पैसे भरतो. अरबीत रकम म्हणजे नंबर. 'रकम अल-हिसाब' म्हणजे खातेक्रमांक. पैशांची रक्कम हवी असेल तर 'मब्लग' शोधायचं. 'शहर' म्हणजे महिना, गाव नव्हे (आपलं शहर फारसीतून आलं). 'वकील' म्हणजे मुखत्यार किंवा एजंट, कोर्टात उभा राहतो तो 'मुहामी'. 'गरीब' म्हणजे परका, विचित्र. 'हवाला' म्हणजे बँकेतून पाठवलेले साधे पैसे, आपल्याकडे या शब्दाला जो वास येतो तो तिथे नाही.

आता तुमचा 'हशील'. हा शब्द अरबी 'हासिल'वरून आला आहे, त्यामुळे प्रश्नातच निम्मं उत्तर आलं. धातू तीन व्यंजनांचा: ह-स-ल, हाती येणं. अरबीत धातू ठरावीक साच्यांत घालून शब्द घडवतात. 'फाइल' या साच्यात घातला की हासिल, 'मफऊल'मध्ये घातला की महसूल, 'तफईल'मध्ये घातला की तहसील. तुमचा सातबारा ज्या कचेरीत आहे तिच्या दारावर हा धातू कोरलेला आहे. तसंच न-ज-र: नजर, कोर्टातला नाझर, आणि ज्यावर नजर फिरली तो अर्ज मंजूर. अ-म-ल: अंमल, मामला, इस्तेमाल. 'मुआमला' हा मामलेदाराचा मामला आजही आखाती सरकारी खिडकीवर 'तुमचं प्रकरण' या अर्थाने रोज ऐकू येतो. जर्मन शिकताना शब्दांचं असं घबाड मिळत नाही.

साचे लवकर शिकायचं कारण मात्र कौतुक नव्हे, कोश. हान्स वेअरच्या अरबी कोशात शब्द धातूच्या क्रमाने लावलेत. मकतब (कचेरी) शोधायला नवशिका 'म' उघडतो आणि हात हलवत परततो. ते क-त-ब खाली आहे.

मराठी माणसाचे नेमके कच्चे दुवेही सांगतो. पहिला दुवा ऱ्हस्वदीर्घाचा. लिहिताना आपण त्यावरून भांडतो, बोलताना फारसं पाळत नाही. अरबीत 'जमल' म्हणजे उंट, 'जमाल' म्हणजे सौंदर्य. व्यंजनाच्या दुहेरीपणाचंही तसंच: 'हमाम' म्हणजे कबुतरं, 'हम्माम' म्हणजे न्हाणीघर. दुसरा, घशातला क: 'कल्ब' साध्या क-ने म्हटलं तर कुत्रा, घशाच्या तळातून म्हटलं तर हृदय. प्रेमाने म्हणायला जावं आणि कुत्रा म्हणून यावं, असा हा मामला. तिसरा दुवा सर्वात घातक, देवनागरीत टिपणं काढायची सवय. अंजीर आणि चिखल, दोन्ही शब्द देवनागरीत 'तीन'च दिसतात, अरबीत त्यांचे त वेगळे. या उत्तरात मी देवनागरीत लिहितोय ते वाचकांच्या सोयीसाठी, वहीत असं करू नये.

लिपीला लोक उगाच भितात. अक्षरं २८. त्यातली सहा (अलिफ, दाल, जाल, रे, झे, वाव) डावीकडच्या अक्षराला जोडली जात नाहीत, बाकीची जोडली जातात. रोज पाऊण तास दिला तर तीन-चार आठवड्यांत पाट्या लागतात. खरी अडचण नंतर येते: ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. क-त-ब एवढंच लिहिलं असेल तर ते कतब (त्याने लिहिलं), कुतिब (लिहिलं गेलं) किंवा कुतुब (पुस्तकं) यातलं काहीही असू शकतं. म्हणून वाचताना कानाला आवाज हवाच.

नुसत्या लिपीचा उपयोग पुतण्याला परदेशी जाऊन होईल, पण नाशिक-सांगलीला तो घरबसल्या आहे. आखातात जाणाऱ्या बेदाणा, मसाला, लोणच्याच्या पाकिटावर अरबी लेबल सक्तीचं आहे. भाषांतर ठीक असतं, गडबड छपाईच्या डिझाइनमध्ये होते. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय चालू नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि क्रम उलटतो. तपासायला 'अल-हिंद' हा एक शब्द पुरे. बरोबर असेल तर दोन तुकडे दिसतात: अगदी उजवीकडे अलिफची एकटी उभी रेघ, आणि तिच्या डावीकडे लाम-हे-नून-दाल सलग जोडलेले, नूनवर एक ठिपका. पाच सुटी अक्षरं दिसली आणि अलिफची रेघ डावीकडे गेली, तर छपाई थांबवा. आकडेही पाहा: त्यांचा ५ आपल्या शून्यासारखा गोल, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि ६ इंग्रजी ७ सारखा. संख्या मात्र डावीकडूनच वाचतात. या आकड्यांना अरब 'हिंदी आकडे' म्हणतात, हे जाता जाता.

"एका धर्माची भाषा" हा तुमचा टोमणा एका वाक्यात निपटतो: पुण्याचं ससून ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते बगदादचे ज्यू आपला घरचा आणि पेढीचा पत्रव्यवहार हिब्रू लिपीतल्या अरबीत करत.

मोडी वाचणाऱ्यांसाठी एक फायदा लेखात राहून गेला होता. मराठेशाहीच्या कागदांवरचा शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कालगणनेतलं वर्ष, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'सन इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, बेरीज ११७१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, म्हणजे इ.स. १७७०-७१. इथे एकासाठी पुल्लिंगी 'वाहिद' न येता 'इहिदे' येतं, कारण अरबीत 'सन' स्त्रीलिंगी आहे. एकं आधी आणि दहं नंतर ही रीत आपल्याला 'एकाहत्तर' म्हणताना अंगवळणी पडलेली आहे. पुढच्या कागदांत 'मयातैन' भेटेल. ते द्विवचन, दोन शंभर. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ते समजवावं लागत नाही.

पुतण्याला दिवाळीपर्यंत जेवढा वेळ आहे त्यात त्याने एवढंच करावं: पहिला महिना लिपी आणि आकडे, दुसऱ्यात करारातले चाळीसेक शब्द अरबी अक्षरांत, तिसऱ्यात सौदी बोलीतली पन्नास वाक्यं, कानाने. कराराचा मसुदा आधी मागवून घ्यावा, अरबी रकान्यातला प्रत्येक आकडा पेन्सिलीने गोल करावा आणि समोरच्या इंग्रजी आकड्याशी ताडून पाहावा. न जुळणारा एक जरी निघाला तरी सही करण्याआधी लेखी विचारावं.