मोले रेडिमेड नव्हता, ताई

नमस्कार ताई,

रविवारच्या आमच्या मेक्सिकन ख्रिसमसच्या स्वयंपाकवर्गाला तुम्ही दोन स्टार दिलेत. पोंचे (फळांचं गरम पेय) कोमट होतं, जागा अपुरी होती, सगळंच गोड लागलं, आणि १,८०० रुपये घेऊन आम्ही मोलेची रेडिमेड पेस्ट वापरली, असं लिहिलंत. पोंचे कोमट होतं हे खरं आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागते. बारा जणांना माझं स्वयंपाकघर कमी पडलं, हेही मान्य.

पण रेडिमेड हा शब्द फार लागला.

ती पेस्ट मी शुक्रवारी रात्री घरीच केली. मोले पोब्लानो हा मेक्सिकोतल्या पुएब्लाकडचा लग्नाकार्यातला, सणासुदीचा रस्सा. त्याला आंचो, मुलातो आणि पासिया अशा तीन प्रकारच्या सुक्या मिरच्या लागतात. त्या इथे सहज मिळत नाहीत, मागवाव्या लागतात, फीमध्ये तो खर्चही आला. बिया काढून एकेक मिरची गरम तेलातून काही सेकंदच फिरवायची. एक जरी करपली तरी सगळा मोले कडू होतो. मग तासगावचे बेदाणे तेलात सोडायचे, टम्म फुगले की लगेच उपसायचे. बदाम, तीळ, लवंग, दालचिनी, काळपट भाजलेली टॉर्टिया (मक्याची पोळी), सगळं वेगवेगळं परतून वाटायचं. माझा मिक्सर दोनदा तापून बंद पडला. गाळून डबा भरला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मोले मुरला की चांगला लागतो, म्हणून दोन दिवस आधी केला. मेक्सिकोत बाजारात तयार पेस्ट वजनावर विकत मिळते आणि लोक ती घरी आणतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण मी ती आणली नव्हती.

हे सगळं मी वर्गाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, मूठभर बेदाणे आणि चार मिरच्या सगळ्यांसमोर परतूनही दाखवल्या. वर्ग साडेदहाला सुरू झाला. तुम्ही सव्वाअकराला आलात. रविवारीही ट्रॅफिक असतं, मी समजू शकते, म्हणून तेव्हा एका शब्दाने बोलले नाही. तुम्ही ओट्याशी आलात तेव्हा स्टीलचा डबा समोर होता. त्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून माझ्याच अक्षरात 'मोले, शुक्रवार' लिहिलं होतं. तेव्हाच एकदा विचारलं असतंत तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं.

गोडाचं म्हणाल, तर मोलेमध्ये चॉकलेट अगदी थोडं होतं, गोडवा बेदाण्यांचा होता. पोंचे मात्र गोडच असतं: गूळ, ऊस, पेरू, प्रून्स, आणि आंबटपणाला चिंच आणि अंबाडीची लाल बोंडं. तेहोकोते हे तिकडचं फळ इथे मिळत नाही, म्हणून मी छोटी सफरचंदं घातली. १६ ते २४ डिसेंबर, पोसादाच्या म्हणजे ख्रिसमसआधीच्या सणाच्या नऊ रात्री तिकडे ते वाफाळतं पितात, म्हणून तर कोमट दिल्याचं मलाच जास्त वाईट वाटतंय.

ताई, हा वर्ग माझं घर चालवतो. तुमचा अभिप्राय आल्यावर ६ जानेवारीच्या रोस्का दे रेयेसच्या (तीन राजांच्या सणाचा गोड पाव) वर्गातली दोन नावं कालच गळाली. पुढच्या वेळी आणखी एक शेगडी ठेवते, बसण्याचंही काहीतरी बघते.

स्टार तुम्हाला द्यायचे तेवढेच ठेवा. पण रेडिमेडचं ते वाक्य काढता आलं तर बघा. डब्यात अजून मोले उरलाय, तुम्ही म्हणालात तर तुमच्याकडे पाठवून देते.

आपली,
वर्गाची संचालिका