कोणाचा डावा?

यंदाच्या गणपतीत माझा मिक्सर गेला. चोरीला नाही गेला. व्हॅन गॉगच्या कानापायी गेला. सोसायटीच्या प्रश्नमंजूषेचं पहिलं बक्षीस होतं ते, तीन भांड्यांचं, वर पारदर्शक झाकण. आठ दिवस झाले. माझा जुना मिक्सर झाकण दाबून धरल्याशिवाय फिरत नाही, त्यामुळे रोज सकाळी खोबरं वाटताना मला तो कान आठवतो. डावा. डावाच होता.

मी चित्रकलेतली कोणी नाही, हे आधीच सांगते. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेआधी मी काढलेली कळशी बघून बाई म्हणाल्या होत्या, "कोंबडी छान जमलीय." तिथे माझा ब्रश सुटला. मग थेट या फेब्रुवारीत बाथरूममध्ये घसरले, घोटा मोडला, आणि डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला सांगितला. उशा खचायच्या. म्हणून नवऱ्याने मुलीचं आर्किटेक्चरच्या वेळचं कलेच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक माझ्या पायाखाली सरकवलं. मोबाइल बघून बघून आठव्या दिवशी डोळे दुखायला लागले, तेव्हा मी पायाखालचं पुस्तक वर घेतलं. (आधी नमस्कार केला. विद्येला पाय लागला होता आठवडाभर.)

आणि मला व्यसनच लागलं. चित्रांचं कमी, भानगडींचं जास्त. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बातम्या ऐकाव्यात तशा मी त्या वाचल्या. तो व्हर्मीर, मोत्याच्या कानातल्याची मुलगी काढणारा. वारला तेव्हा मागे अकरा मुलं आणि बेकरीवाल्याची ६१७ गिल्डरांची उधारी. बायकोने पावाच्या उधारीपोटी त्याची दोन चित्रं बेकरीत दिली. तो कॅराव्हॅज्जिओ तर विचारूच नका. १६०४ साली रोममधल्या एका खानावळीत त्याने आठ आर्टिचोक (कमळाच्या कळीसारखी दिसणारी एक भाजी) मागवले, चार लोण्यातले आणि चार तेलातले. कुठले कोणते, असं त्याने विचारलं. वेटरने सांगायचं सोडून एक उचलून नाकाला लावला. वास घ्या आणि ओळखा! कॅराव्हॅज्जिओने ताटलीच त्याच्या तोंडावर फेकली. सगळं कोर्टकचेरीच्या कागदांत नोंदलेलं आहे. दोन वर्षांनी त्याने एका माणसाचा जीवच घेतला आणि उरलेलं आयुष्य पळत काढलं, ते वाईटच. पण त्या वेटरच्या बाबतीत मी पूर्णपणे चित्रकाराच्या बाजूने आहे. "साजूक तुपातला आहे का?" असं विचारल्यावर शिऱ्यात बोट घालून बघणारा वाढपी मी एका लग्नात पाहिलेला आहे.

तर प्रश्नमंजूषा. शेवटची फेरी 'कला' निघाली, तेव्हा मला बाप्पाच पावल्यासारखं वाटलं. स्पर्धेत उरलो होतो दोघं, मी आणि सी विंगमधला आठवीतला एक चष्मेवाला मुलगा. राजा रवि वर्मांच्या छापखान्याचा प्रश्न आला. १८९४ साली मुंबईत, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला, असं मी सविस्तर सांगितलं. सविस्तर सांगण्याची गरज नव्हती हे मला लोकांच्या जांभयांवरून कळलं. मुलानेही त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बरोबरी झाली. मग निर्णायक प्रश्न आला. दोघांनी कागदावर उत्तर लिहायचं. पडद्यावर चित्र झळकलं: हिरवट कोट, केसाळ टोपी, कानावर पट्टी, मागे भिंतीवर जपानी चित्र. "प्रसिद्ध चित्रकार व्हॅन गॉग याने आपला कोणता कान कापून घेतला?"

मी हसले. तिथेच चुकलं.

मी लिहिलं, डावा. मुलाने लिहिलं, उजवा. सांस्कृतिक समितीचे प्रमुख, म्हणजे बी विंगमधले काका, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, हातातलं कार्ड डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "बरोबर उत्तर आहे, उजवा!" टाळ्या. कोणीतरी शिट्टीही मारली. मी उभी राहिले.

"काका, डावा कान होता."

"वहिनी, समोर चित्र आहे."

"ते त्याने आरशात बघून काढलंय. आरशात डाव्याचं उजवं दिसतं."

काका समजुतीने हसले. पासबुक भरायला आलेल्या बाईकडे बघून हसतात तसे. "वहिनी, छत्तीस वर्षं बँकेत काढली. फोटो आणि माणूस जुळला की आम्ही पैसे द्यायचो. आरसा वगैरे भानगड आम्ही कधी ठेवली नाही."

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून ए विंगमधले एक गृहस्थ माझ्या मदतीला धावले. हे गृहस्थ मदतीला आले की समजावं, केस गेली. "वहिनींचं बरोबर आहे! पट्टी डावीकडेच तर दिसतेय! बघा ना, चित्राच्या डाव्या बाजूला!"

"अहो, आपली डावी म्हणजे त्याची उजवी," काका म्हणाले. "तो आपल्याकडे तोंड करून बसलाय."

"हां, मग उजवाच," असं म्हणून ते गृहस्थ बसले. माझा एकुलता एक साक्षीदार असा अर्ध्या मिनिटात फुटला.

गंमत बघा, काका बरोबरच बोलत होते. समोरच्या माणसाची डावी-उजवी आपल्या उलट असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण चित्रातला माणूस मुळात आरशातला, म्हणजे आणखी एकदा उलट. एक पलटी त्यांना मान्य होती, दुसरी नव्हती.

मग मी जे केलं ते करायला नको होतं. वेशभूषा स्पर्धेसाठी स्टेजमागे उभा करून ठेवलेला मोठा आरसा मी ओढत पुढे आणला. वॉचमनदादांना बोलावलं, कोणाचं तरी उपरणं घेऊन त्यांच्या डाव्या कानावरून पट्टी बांधली आणि त्यांना आरशासमोर उभं केलं. दादा बिचारे लाजून अटेन्शनमध्ये उभे राहिले.

"आता आरशातल्या माणसाकडे बघा काका. तो आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचा कोणता कान बांधलाय?"

काका बाजूने वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "मला तर मीच दिसतोय."

"तुम्ही तिथून नका बघू, दादांच्या मागून बघा."

"मागून त्यांचं डोकं आड येतंय."

"मग थोडे डावीकडे सरका."

"कोणाच्या डावीकडे?" काकांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच सगळा हॉल माझ्या विषयावर हसला.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या, प्रश्नमंजूषेत एकाही प्रश्नाला जाग्या नव्हत्या. "काय गं, आरशात डाव्याचं उजवं होतं म्हणतेस, तर मग खालचं वर का नाही होत? डोकं खाली आणि पाय वर दिसायला हवेत की."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरी येऊन दोन तास विचार केला. खरं तर आरसा डावं-उजवं बदलतच नाही, पुढचं-मागचं बदलतो. पण हे रात्री साडेअकराला सुचलं, आणि तोवर मिक्सर सी विंगमध्ये पोचला होता.

वॉचमनदादांनी मात्र उपरण्यातून एकच रास्त प्रश्न विचारला. "पण मॅडम, कापला कशाला?"

सगळ्या हॉलमध्ये हा प्रश्न एकालाच पडला होता. मी सांगायला लागले. म्हटलं, दादा, फ्रान्समध्ये आर्ल नावाचं गाव आहे. तिथे याने एक पिवळं घर भाड्याने घेतलं होतं. गोगँ नावाचा चित्रकार मित्र राहायला येणार, म्हणून त्याच्या खोलीत लावायला याने सूर्यफुलं रंगवली. पाहुणा येणार म्हणून आपण नवीन पडदे लावतो ना, तसं. मित्र ऑक्टोबरात आला आणि दोन महिन्यांत दोघांचं एकमेकांशी पटेना. २३ डिसेंबर १८८८ ची रात्र... इथे आरतीची घंटा वाजली. दादा पट्टीसकट गेटवर गेले. कोणाची तरी गाडी आत यायची होती.

मी चेअरमनसाहेबांकडे दाद मागितली. ते टाळ हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "वहिनी, सांस्कृतिकचं माझ्याकडे नाही. माझ्या अखत्यारीत पाणी आणि पार्किंग."

यावर मी मोठ्याने हसले, आणि 'सुखकर्ता' सुरू होत असताना हसल्याबद्दल चार बायकांनी वळून पाहिलं. पण मला पोप आठवला होता. मायकेलअँजेलो सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवर 'अंतिम न्याय' रंगवत होता, तेव्हा पोपचा समारंभप्रमुख, बियाजो दा चेसेना, बघायला आला. एवढी उघडी माणसं हमामखान्यात शोभतील, देवळात नाही, असं म्हणाला. मायकेलअँजेलोने वाद घातला नाही. नरकाच्या कोपऱ्यात मिनोस, म्हणजे नरकातला न्यायाधीश, काढायचा होता, त्याला याचा चेहरा दिला, वर गाढवाचे कान, आणि अंगाला साप. बियाजो रडत पोपकडे गेला. पोप म्हणे उत्तरला, नरक माझ्या अखत्यारीत येत नाही. चित्र १५४१ मध्ये पुरं झालं. बाकीच्या उघड्या मंडळींना पुढे दुसऱ्या चित्रकाराकडून फडकी नेसवली गेली, पण गाढवाचे कान आजही जागेवर आहेत.

समारंभप्रमुख, बघा. म्हणजे सांस्कृतिक समितीच. मला कळशी काढता येत नाही, नाहीतर बी विंगच्या भिंतीवर...

असो. माझ्या हातात तेव्हा वडापावची डिश होती आणि क्षणभर कॅराव्हॅज्जिओही आठवला होता. पण कागदी डिश फेकून मारण्यात काही दम नसतो.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. आपल्याकडे मिक्सर आहे." या वाक्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पुरावा हवा होता ना त्यांना? पुरावाही आहे. आर्लच्या दवाखान्यात त्या कानाची मलमपट्टी केली ती फेलिक्स रे नावाच्या तरुण डॉक्टरने. त्याने पुढे १९३० साली एका अमेरिकन लेखकाला औषधं लिहून द्यायच्या कागदावर चित्र काढून दाखवलं, वस्तरा कुठून कसा फिरला ते. पाळी नाही, जवळजवळ सगळा कान. व्हॅन गॉगने या डॉक्टरांचंही चित्र काढून त्यांना भेट दिलं होतं. डॉक्टरांना ते आवडलं नाही. त्यांच्या आईने कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक बुजवायला वापरलं. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. हे वाचलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता तेवढं हसू येत नाही. सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत हा माणूस चित्रकार नव्हता, सदतिसाव्या वर्षी गेला. मधल्या दहा वर्षांत साडेआठशेच्या वर तैलचित्रं. आणि आम्ही विचारणार काय, तर कान. मीही मेली त्यातलीच. पुस्तकात पहिल्यांदा त्याचं पान उघडलं ते कानासाठीच.

त्याच्या वहिनीबद्दल कोणी प्रश्न काढत नाही. जोहाना. व्हिन्सेंट, म्हणजे आपला व्हॅन गॉग, गेल्यावर सहा महिन्यांत त्याचा भाऊ थिओ, म्हणजे तिचा नवरा, गेला. अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा, कडेवर वर्षाचं पोर आणि घरात कोणी घेत नसलेल्या चित्रांचा ढीग. तिने पोटासाठी पाहुण्यांना खोल्या आणि जेवणखाण देणारं घर चालवलं, भिंतींवर तीच चित्रं टांगली, प्रदर्शनं लावली, एकेक चित्र विचार करून विकलं, दोघा भावांची पत्रं लावून १९१४ मध्ये छापली. ती नसती तर काकांच्या पडद्यावर दाखवायला काही उरलं नसतं. पण तिने स्वतःचं काही कापलं नाही, सबब प्रश्नमंजूषेला निरुपयोगी. वहिनींचं हे असंच असतं.

काल लिफ्टमध्ये तो आठवीतला मुलगा भेटला. आमच्या लिफ्टला मागे आरसा आहे. मी त्याच्याकडे बघत नव्हते, आरशातल्या त्याच्याकडे बघत होते. तिसऱ्या मजल्याला तो म्हणाला, "काकू, तुमचं बरोबर होतं. सेल्फी कॅमेऱ्यात पण तसंच दिसतं. माझ्या टीशर्टवरचं नाव उलटं येतं."

"हे तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. तुम्ही आरसा म्हणालात ना, लगेच."

"मग बोलला का नाहीस तिथे?"

लिफ्टचं दार उघडलं. तो बाहेर पडला, वळला, चष्मा नाकावर सरकवला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मिक्सर होता ना, काकू."