जुना कोट

"घरातला गुलाम" ही शिवी हल्ली आपल्याकडच्या वादांतही सर्रास ऐकू येते. मूळ अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स याच्या 1963 सालच्या डेट्रॉइटमधल्या भाषणात. मालक आजारी पडला की घरातला गुलाम विचारतो, "धनी, आपण आजारी आहोत का?" आणि शेतातला गुलाम मात्र त्याच्या मरणाची वाट बघतो. भाषण म्हणून जबरदस्तच. मीही रागाच्या भरात एकाला ही शिवी दिली आहे. आज देणार नाही.

गुलामांमध्ये भेद नव्हते असं कोण म्हणतं? जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर धडधाकट बाया-बापे पहिल्या टोळीत, पोरं गवत काढणाऱ्या टोळीत, आणि त्यांच्यावर चाबूक घेऊन उभा असलेला मुकादम, तोही गुलामच. गुलामीविरुद्ध लिहिणारा-बोलणारा फ्रेडरिक डग्लस स्वतः अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलाम होता. तो सांगतो, दोन मळ्यांवरचे गुलाम भेटले की कुणाचा मालक जास्त श्रीमंत यावरून हाणामारीपर्यंत जायचे! गुलामी वाईटच, पण गरिबाची गुलामी म्हणजे तर शरमेची गोष्ट. (साहेबाच्या गाडीवरून भांडणारे शिपाई मी पाहिलेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.)

पण घरात काम म्हणजे सुख, हे काही खरं नाही. शेतातल्याला रात्री निदान झोपडीत चार माणसांत बोलता यायचं. घरातली पोरगी मालकिणीच्या खोलीत जमिनीवर झोपायची. हाक आली की उठायचं, आणि मालकाची नजर वळली तर ओरडायचीही सोय नाही.

सगळ्यात मोठी गुंतागुंत अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या चार्ल्स्टन शहराची. 1822. डेन्मार्क व्हेसी हा सुतार, लॉटरीत पैसे लागले त्यातून स्वतःची सुटका विकत घेतलेला. त्याच्यावर उठावाचा कट केल्याचा आरोप होता. कोर्टाच्या कागदांत त्याचा साथीदार पीटर पोयास एकाला बजावताना दिसतो: मालकाकडून जुने कोट बक्षीस मिळतात त्या नोकरांजवळ हे बोलू नकोस, ते आपला घात करतील.

आणि झालंही तसंच. एका घरगुती नोकराच्या कानावर गोष्ट गेली, त्याने मालकाला सांगितली. सरकारने त्याला मुक्त करून वर आयुष्यभराचं पेन्शन दिलं. मात्र हे फोडून टाक असा सल्ला त्याला ज्याने दिला, तो गुलाम नव्हता. स्वतंत्र कृष्णवर्णीय होता. हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

2 जुलैला पहिले सहा जण फासावर गेले. व्हेसी, पोयास, आणखी एक. उरलेले तिघे, रोला, नेड आणि बॅटो, खुद्द गव्हर्नर बेनेटच्या घरचे नोकर. कोट मिळणाऱ्यांपैकीच.

फाशी दिलेल्या गुलामाची नुकसानभरपाई त्या काळी मालकाला मिळायची.