फोन भाषांतर करतो म्हणून शाळेतली परकी भाषा बंद करायची?

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय: "फोन क्षणात भाषांतर करतो, इंग्रजी जगभर चालतं. मग शाळेत जर्मन, फ्रेंच, जपानी कशाला? उगाच ओझं, मातृभाषाही मागे पडते. गरज पडली तर मोठेपणी शिकतील." वाचताना पटतं, पण एकेक मुद्दा हाताशी घेतला की टिकत नाही.

आधी फोन. पाटी वाचायला, वेष्टनावरच्या सूचना समजून घ्यायला अ‍ॅप उत्तम आहे, मीही वापरते. पण 'आम्ही उद्या जाणार' आणि 'आपण उद्या जाणार' ही वाक्यं इंग्रजीत नेऊन बघा. दोन्हीकडे 'वी'. समोरच्याला सोबत नेणार की नाही, हेच गळून गेलं! उलट इंग्रजीतला 'यू' जर्मनमध्ये नेताना 'डू' की 'झी' हे ठरवावं लागतं, आपल्या तू-तुम्हीसारखं. समोर मैत्रीण आहे की तिची आजी, हे एका वाक्यावरून फोनला कसं कळणार? तुर्कीत तो आणि ती दोघांनाही 'ओ' म्हणतात. गूगल ट्रान्सलेट डॉक्टर असेल तर 'तो' आणि नर्स असेल तर 'ती' असं परस्पर ठरवून टाकायचं. २०१८ मध्ये तिथे दोन्ही पर्याय दिसू लागले. अशी चूक पकडायला थोडी तरी तुर्की यावी लागते.

इंग्रजी पुरे? जगातल्या बहुसंख्य लोकांना ती येत नाही. युरोपीय संघाने तर २००२ मध्येच मातृभाषेखेरीज दोन भाषा लहानपणापासून शिकवायचं ध्येय ठरवलं.

मातृभाषा मागे पडते, या मुद्द्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण घडतं नेमकं उलटं. जपानीत 'तोक्यो नि' म्हणजे टोकियोला, 'तोक्यो कारा' म्हणजे टोकियोहून, आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. ज्या मुलाने विभक्ती नुसती घोकली होती, त्याला इथे पहिल्यांदा दिसतं की 'ला' आणि 'हून' काय काम करतात.

मोठेपणी शिकण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. व्याकरण मोठ्यांना लवकर उमगतं, उच्चार मात्र लहानांचे सहज बसतात. आणि वेळेचं काय? अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या हिशेबाने इंग्रजीभाषक अधिकाऱ्याला कामापुरती स्पॅनिश यायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, जपानीला २२००. नोकरी-संसार सांभाळून एवढे तास कोण काढणार? शाळेत आठवड्याला दोन तास, वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर आठ वर्षांत ६४० तास होतात.

ओझ्याची तक्रार मात्र मला मान्य आहे. कित्येक वर्गांत क्रियापदांचे तक्ते पाठ होतात, गुण मिळतात आणि वर्षभरात मूल त्या भाषेत एकदाही तोंड उघडत नाही. पालकांनी भांडायचं तर यासाठी भांडावं: निम्मा तास मुलांना बोलू द्या, चुकू द्या, आणि त्या चुकांचे गुण कापू नका.