थायरॉइडची प्रतिपिंडे आणि आयव्हीएफ

टीपीओ प्रतिपिंडे (शरीराने स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्ध तयार केलेली प्रथिने) रक्तात आढळली की आयव्हीएफ (प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचा उपचार) फसतेच, असे एका लेखात सरसकट म्हटले आहे, ते पटले नाही. अशा स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक दिसते हे खरे. परंतु थायरॉइडचे काम सुरळीत असताना केवळ प्रतिपिंडांपोटी थायरॉक्सिन (थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी) दिल्याने जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण वाढत नाही, असे ब्रिटनमधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले.

फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवणाऱ्या प्रतिपिंडांची, गोष्ट वेगळी. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रीमध्ये ती आढळली आणि किमान १२ आठवड्यांनी केलेल्या फेरतपासणीतही टिकून असली, तर गरोदरपणात कमी मात्रेतील ॲस्पिरिन व हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) देण्याची शिफारस आहे. मात्र असा पूर्वेतिहास नसताना, निव्वळ गर्भ रुजावा म्हणून हेपॅरिन टोचण्यास तसा आधार नाही. संसर्गानंतरही ही प्रतिपिंडे काही काळ वाढलेली दिसू शकतात, म्हणूनच फेरतपासणी महत्त्वाची.

आमच्या सांगली-मिरजेत दवाखान्यांना आणि प्रयोगशाळांना तोटा नाही, तरीही एकाच अहवालावर इंजेक्शने सुरू झालेली जोडपी माझ्या ओळखीत आहेत. जत-आटपाडीहून येणाऱ्यांनी पहिला अहवाल जपून ठेवावा आणि दुसऱ्या तपासणीविषयी डॉक्टरांना नि:संकोच विचारावे.