‘आधी कार्बन, न्याय नंतर’ हे मुंबईच्या हिशेबात बसत नाही

मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि देशाने 2070 साल धरले असताना शहरासाठी 2050 हे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण) वर्ष ठरवले. तेव्हापासून एक विधान सुशिक्षित वर्तुळांत वरचेवर ऐकू येते: हा प्रश्न मुळात अभियांत्रिकीचा आहे, कोळशाच्या जागी सौर वीज आणि डिझेलच्या जागी बॅटरी आणली की झाले, भाडेकरू, वस्त्या, कचरावेचक यांचे प्रश्न त्यात ओढले तर काम रेंगाळेल, म्हणून आधी कार्बन, न्याय नंतर. या म्हणण्यामागची घाई समजण्यासारखी आहे, पण त्यातला एकेक भाग तपासला की तो टिकत नाही.

छतावरच्या सौर विजेपासून सुरुवात करू. आराखड्यानुसार 2019 मध्ये शहराच्या उत्सर्जनाचा सुमारे 72 टक्के वाटा ऊर्जेचा होता, त्यामुळे वीज बदलल्याशिवाय गत्यंतर नाही हे मान्यच आहे. परंतु केंद्राच्या 2024 च्या योजनेतले 78,000 रुपयांपर्यंतचे अनुदान स्वतःचे छत असलेल्या घराला मिळते, आणि या शहरात चाळीतल्या भाडेकरूकडे, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे किंवा विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटधारकाकडेही असे छत नसते. एका ठिकाणी तयार झालेली वीज अनेक मीटरांवर वाटून देण्याची वाट दिल्ली राज्याने 2019 मध्ये मोकळी केली, ती याच अडचणीमुळे. बहुसंख्य घरांना वगळणारा उपाय कार्बनच्या दृष्टीनेही तोकडाच ठरतो.

दुसरा दावा वाहतुकीचा आहे, आणि सर्वांत मोठी गफलत इथेच होते. मुंबईचे दरडोई उत्सर्जन आटोक्यात आहे ते इलेक्ट्रिक मोटारींमुळे नव्हे, तर लाखो माणसे लोकलने, बसने आणि पायी जातात म्हणून. त्यांनी दुचाकी घेतली की हिशेब बिघडलाच म्हणून समजा. जुलै 2019 मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवर आले आणि प्रवासी परतले, तर मे 2025 मध्ये तेच भाडे दहा रुपये झाले. ऑगस्ट 2023 मध्ये भाडेतत्त्वावरच्या बसगाड्यांच्या चालकांनी पगारासाठी काम थांबवले तेव्हा शेकडो गाड्या आगारात उभ्या राहिल्या. बस डिझेलवर धावते की बॅटरीवर, याने त्या दिवशी थांब्यावरच्या माणसाला काही फरक पडला नाही. चालकाचे वेतन आणि तिकिटाची किंमत या बाबी ‘सामाजिक’ म्हणून बाजूला काढता येत नाहीत. बस चालते ती त्यांच्यावरच.

शहराच्या उत्सर्जनात कचऱ्याचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास असल्याने तो यंत्रावर सोपवा, असेही सांगितले जाते. दिल्लीत तिमारपूर येथे 1987 मध्ये उभारलेला कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प काही आठवड्यांतच बंद पडला, कारण आपल्याकडच्या ओल्या, मातकट कचऱ्यात जळण्याजोगे फारसे काही नव्हते. वर्गीकरण दारातच व्हावे लागते, आणि पुण्यात ते काम ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था 2008 पासून करते आहे.

‘गरिबांचे उत्सर्जन कमी, मग त्यांचा यात संबंध काय’ हा प्रश्न तर चेंबूरजवळच्या माहुलमध्ये जाऊन विचारावा. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत पालिकेने प्रकल्पग्रस्त कुटुंबे नेऊन ठेवली, आणि तिथल्या प्रदूषणाविरुद्ध लोकांनी लढा दिल्यावर 2019 मध्ये उच्च न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला.

विद्यापीठांचे आवार लहान असल्याने तिथे निव्वळ शून्य गाठणे सोपे आहे, असे मानले जाते. ते खरेही आहे, फक्त त्यांच्या घोषणेतल्या उत्सर्जनाच्या आकड्यात सहसा आवारातले इंधन आणि विकत घेतलेली वीज एवढेच धरतात. दोन-दोन तास प्रवास करून येणारा कंत्राटी सफाई कर्मचारी आणि वसतिगृहात जागा न मिळालेला विद्यार्थी यांचा रोजचा प्रवास त्यात नसतो. वसतिगृहाची एक इमारत वाढवली तर किती टन कार्बन वाचेल, हे गणित छतावरच्या पॅनेलांइतक्याच गांभीर्याने मांडले जायला हवे.